खिळ्यावरचं निरोगी कार्ड

मी तपासणीचं कार्ड बोलतंय. जातीचा पुठ्ठा, पण एकेकाळी माझा केवढा थाट होता म्हणून सांगू! दवाखान्यात माझ्यावर एका पोरीचा फोटो चिकटवला आणि मी तिचं झालं. धंद्यात ती नवीन. घरातल्या बायका तिला धाकटी म्हणायच्या.

दर महिन्याला तिनं रक्त द्यायचं. आजार नसला की माझ्यावर निळा शिक्का बसायचा. मग मावशी, म्हणजे त्या घराची मालकीण, मला दाराजवळच्या खिळ्याला अडकवायची. गिऱ्हाईक आधी मला बघायचं, मग तिला.

पण धाकटी सुईला भ्यायची आणि मावशीला कामात खाडा नको होता. घरातल्या सगळ्यांत जुन्या बाईला थोरली म्हणायचे. मावशी तिला म्हणाली, "तुझं रक्त चांगलंय. हिच्या नावावर तूच जाऊन ये."

थोरली गेली, मायेनंच गेली. दवाखान्यात ही रांग! फोटो कोण बघतंय? त्यानंतर दर महिन्याला तीच जायची.

पुढे धाकटीच्या तळहातांवर तांबूस डाग उठले.

"हे काय गं?" थोरलीनं विचारलं.

"साबण सोसला नसेल. कार्ड चांगलंय ना, ताई."

रक्त कुणाचं, हे दोघींनाही ठाऊक होतं. तरी शिक्का रोज बघून बघून खराच वाटायला लागतो. डाग आपोआप गेले, तेव्हा तर दोघी निर्धास्त झाल्या.

मग धाकटीला दिवस गेले. तिला मूल हवं होतं. थोरलीच्या मुठीचं माप घेऊन तिनं टोपडं शिवलं. पाचव्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासायचं म्हटलं, तर हिनं मोठ्या ऐटीत मला पुढे केलं. बाईंनी शिक्के बघितले. "मग राहू दे," म्हणाल्या.

आठव्यात बाळ मेलेलंच जन्मलं. तेव्हा कुठे धाकटीचं स्वतःचं रक्त घेतलं.

"आजार जुना आहे," बाई म्हणाल्या. "आधी कळलं असतं, तर सुईनं मूल वाचलं असतं."

थोरली आपल्या कोपराच्या खळीतले सुईचे ठिपके चोळत बसली.

धाकटी अजून दवाखान्यातच आहे. मावशीनं ओल्या फडक्यानं तिचा फोटो सोडवला, नाव खरवडलं आणि नव्या पोरीचा फोटो चिकटवला. जुने शिक्के तसेच ठेवले.

डॉक्टरीणबाई, माझं ऐका. मला वाचू नका, त्या पोरीचे तळहात बघा. ही नवीनही सुईला भिते. उद्या तपासणी आहे, आणि मावशीनं थोरलीला लवकर उठायला सांगितलंय.