गोडुगम्मा

टाचणी गंजली होती आणि तिचा तांबूस ठिपका पहिल्याच पानावर, 'लक्ष्मम्मा' या नावाला लागून उमटला होता. महानंदाने तो बोटाने पुसायला पाहिलं तर तो आणखीच पसरला. तिने कथेचे कागद पिशवीत ठेवले. एस.टी. उदगीर सोडून देगलूरच्या वाटेला लागली होती; बाहेर मार्चातच रापलेली रानं, हापशाला लागलेली घागरींची रांग... बहात्तर सालासारखंच, असं मनात आलं, आणि लगेच – नाही, बहात्तर सालासारखं काहीच नाही.

लातूर वेगळा जिल्हा होऊन सात महिने झाले होते. नव्या जिल्ह्याचं पहिलं कथावाचन येत्या रविवारी होतं – ज्यांच्या घरची बोली वेगळी अशा लेखकांनी दुसऱ्या बोलीच्या माणसाची गोष्ट मराठीत सांगायची – आणि उदगीरहून तिचं नाव गेलं होतं. घरी कन्नड, शाळेत मराठी. कथा दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या एका तेलुगू बाईची; त्याच कामावर महानंदा हजेरी मांडायची. सगळं कसं जुळून आलेलं. पण कथा मोठ्याने वाचून बघायची म्हटलं तर घरात ऐकणारं कोण होतं? अव्वा, म्हणजे आई, गेल्यापासून त्या घरात कुणी कन्नडही बोललं नव्हतं. मग परवा तिला वाटलं, जिची गोष्ट आहे तिलाच आधी ऐकवावी; ती हल्ली देगलूरच्या बाजारात बसते असं कानावर आलं होतं.

देगलूरच्या बाजारात लक्ष्मम्मा चिंच फोडत बसली होती. केस पांढरे, हात तसेच. तिने वर पाहिलं, डोळे बारीक केले.

"हजेरीवाली बाई न्हवं का तुमी? कूर्चोंडी, बसा बसा." तिने पोतं पुढे सरकवलं.

महानंदा बसली, कशासाठी आले ते सांगितलं आणि वाचायला लागली. अडेल तिथे मोडक्यातोडक्या तेलुगूत समजावत. कथेतली लक्ष्मम्मा बोलत नव्हती. भर उन्हात घण उचलत होती, सरकारी सुकडीची वाटी पदराआड धरत होती, तिच्या डोळ्यांतलंही पाणी आटलं होतं – हे वाक्य महानंदाला फार आवडायचं, इथे तिचा आवाज जरा कापला. लक्ष्मम्मा चिंचोके काढत राहिली.

वाचून झालं. "ही बाई कोण हाय?" लक्ष्मम्माने विचारलं.

"तुम्हीच की."

"म्या?" तिने हात थांबवले. "इतकी गप्प? बाई, आमी तर तिथं हसून ऱ्हायलो होतो. हसलं न्हाई तर घण उचलत नव्हता."

आणि महानंदाला ते हसू ऐकू आलं – दहा वर्षं जे तिने कुठेच लिहिलं नव्हतं. खडीच्या ढिगामागून उसळणारं, ती हजेरीपट घेऊन जवळ गेली की पटकन विझणारं... विसरले होते मी? की गाळलं?

"मला वाटायचं, तुम्ही मलाच हसता," ती म्हणाली.

"हाव. तुमालाच." लक्ष्मम्मा अगदी साधेपणाने म्हणाली. "दुपारच्याला म्या गोष्ट सांगायची, गोडुगम्माची. आमच्यात गोडुगु म्हंजी छत्री. तुमचं नाव ठिवलं होतं ते. समद्या बायांना कुठं तेलुगू येतंय? पन हातानं करून दावलं की कळायचं."

"काय करायची गोडुगम्मा?"

"भाकर खाताना छत्री आडवी धरायची अन् तिच्या आड कुनाशी तरी बोलायची. म्या रोज नवं मानूस बशिवलं तिथं. एकदा नवरा. एकदा भैन. एकदा तलाठी – त्या दिशी लई हसल्या बाया."

महानंदाने पदर सावरला. छत्री आडवी धरायची ती भाकरीवरच्या तुपापायी; सुकडी खाणाऱ्यांसमोर तूप कसं खायचं? पण बोलणं... बोलत होतो आपण? लग्नाला दोन वर्षं होतात न होतात तोच गेलेले गुरुपादप्पा – त्यांच्याशी कन्नडमध्ये, ओठांतल्या ओठांत, आज मुकादम असं म्हणाला, आज ऊन फार आहे... कुणाला ऐकू गेलं नाही अशी तिची खात्री होती. आणि या बाईने, न कळणाऱ्या भाषेतलं ते छत्रीच्या कडेने दिसलेल्या ओठांवरून वाचून, पहिल्यांदा नवराच बसवला होता तिथे.

"मग?" तिने विचारलं.

"मग येक दिशी आमच्यातली सलमाबी म्हनली, बस कर गे, तिच्याजवळ खरंच कुनी न्हाई. त्या दिशी कुनी हसलं न्हाई. तुमाला जेवाया बोलवायचं ठरलं आमचं. पन तुमी हजेरीवाल्या, गळ्यात लिंग. आमच्यात बसून कशा खाताल? ऱ्हायलं मग." तिने पुन्हा चिंच हातात घेतली. "तुमची गोष्ट बी बरी हाय. जरा लई रडती."

निघताना लक्ष्मम्माने कागदात चिंच बांधून दिली. महानंदा स्टँडवर येऊन बाकावर बसली. तिची कथा अकरा पानांची होती आणि ती दहा वर्षं सुचत होती. आणि तिकडे खडीवर बसून चार बोलींच्या बायांनी हातवाऱ्यांनी तिचीच गोष्ट रचली, हसल्या, आणि हसता हसता तिच्यापर्यंत येऊन थांबल्या. रविवारी काय वाचायचं? हे वाचायचं? ही तर लक्ष्मम्माची गोष्ट... की माझी?

उदगीरची गाडी लागली. माणसं चढू लागली, ती उठली नाही. मला कुणी आपल्यात घेतलं नाही – इतकी वर्षं ती हे जवळजवळ सुखाने म्हणत आली होती. समजा बोलावलं असतं. समजा त्या दुपारी सलमाबी उठून आली असती आणि म्हणाली असती, चला बाई, आमच्यात बसा. गेले असते मी? गेले असते, असं ती मनाशी म्हणाली, आणि ते तिला खरं वाटेना. नसते गेले, असं म्हणून पाहिलं. तेही नाही. कंडक्टरने दार ओढून घेतलं, गाडी हलली, आणि ती तशीच बसून त्या दुपारच्या हजेरीवाल्या बाईला पुन्हा पुन्हा विचारत राहिली, आणि ती बाई पटावर मान घालून काही सांगेना.