ओहोटीची बाटली

दुपारच्या शांत घरात फुस्स करून आवाज झाला आणि स्वयंपाकघरातून आजी ओरडल्या, "गेली का पुन्हा हवा?"

"नाही गं आजी, बूच उडालं!" खेकडी म्हणाली.

तिचं खरं नाव शाळेच्या दप्तरापुरतं होतं. चालायला शिकली तीच भिंतीला धरून आडवी, म्हणून घरात ती खेकडीच झाली. आता ती पाच वर्षांची होती आणि आठवडाभर तिचा एकच उद्योग चालला होता: पोहायचं लाल कडं फुगवायचं, कमरेत घालायचं आणि घरभर मिरवायचं. उद्या खाडी पोहण्यासाठी उघडणार होती.

तिची आई चपला घालून दाराशी उभी होती, पण पाऊल निघत नव्हतं. सुट्टी असूनही तिला ऑफिसात जायचं होतं, आणि तिथे जे सांगायचं होतं त्याने या कड्यातली सगळीच हवा जाणार होती.

सरकारच्या खाडी सुधार कार्यालयात ती पाणी तपासायची. खाडीत सोडलेली बहुतेक गटारं कार्यालयाने एकेक करून बंद केली होती, तळाचा काळा गाळ उपसला होता. दर आठवड्याला बोटीतून पाण्याच्या बाटल्या भरून आणायच्या, तपासायच्या आणि काठावरच्या मोठ्या फलकावर आकडा लावायचा. लाल असेल तर पाण्यात उतरायचं नाही, हिरवा असेल तर खुशाल उतरा. वर्षानुवर्षं लाल असलेला आकडा तिच्या हातून हळूहळू खाली आला होता. उद्या तो पहिल्यांदा हिरवा होणार होता आणि मंत्री फीत कापणार होते.

पण गेल्या आठवड्यात बोटीचं इंजिन खाडीच्या मध्यावरच बंद पडलं. बोट नेहमी भरतीलाच निघायची आणि भरतीतच परतायची, कारण ओहोटीला धक्क्याखाली नुसता चिखल उरतो. गोष्ट इतकी साधी, की तिचा कुणी कधी विचारच केला नव्हता. त्या दिवशी बोटवाला इंजिनाला शिव्या घालत बसला आणि तिच्या डोळ्यांदेखत पाणी बाहेर चाललं. हाताला काम नाही म्हणून तिने सहज एक जास्तीची बाटली भरली.

त्या बाटलीत जंतू नेहमीच्या कितीतरी पट निघाले. आपलंच काहीतरी चुकलं असेल, म्हणून तिने गुडघाभर चिखल तुडवत पुन्हा ओहोटीचं पाणी आणलं. तेच. इतकी वर्षं ते सगळे बाहेरून आत आलेला समुद्र मोजत होते. खाडी मोजायची राहूनच गेली होती.

कार्यालयाच्या प्रमुख, मोठ्या बाई, उद्याचं भाषण वाचत बसल्या होत्या. या खाडीपायी त्यांचे केस पांढरे झाले होते. सगळं ऐकून त्यांनी चष्मा काढला.

"म्हणजे आपण लोकांशी खोटं बोललो?"

"खोटं नाही बाई. पाणी सुधारलंय. पण आपण अर्धंच सांगितलंय."

"आणि हे आज सांगतेस? मंडप घालून झालाय गं!"

"दुसऱ्या बाटल्यांचा निकाल आज सकाळी हातात आला."

"फक्त भरतीला उतरा, असं लिहू या?"

"पोरं भरती-ओहोटी बघून बाहेर येतात होय? माझी तर आंघोळीच्या बादलीतून निघत नाही."

बाई हसल्या, पण ते हसू टिकलं नाही. "हिरवा आकडा दाखवून उरलेली दोन गटारं बंद करून घेणार होते मी. आता कुणी दारात तरी उभं करेल का?"

तिने दोन्ही निकालांचे कागद त्यांच्या पुढ्यात ठेवले. बाईंनी ते शेवटपर्यंत वाचले.

"तुझी पोर येणार होती ना उद्या?"

"आठवडाभर कडं फुगवतेय."

बाईंनी भाषणाचा कागद उलटा ठेवला आणि फोन जवळ ओढला. "फलक लालच राहू दे. बोलणी मी खाते. तू यापुढे दोन्ही वेळचं पाणी आणायचं. आणि ते गुडघ्यापर्यंतचे बूट घे बाई, चिखलात काचा असतात."

तिचा जीव भांड्यात पडला. पण घराच्या पायऱ्या चढताना तो पुन्हा जड झाला.

खेकडी कडं घालूनच दूध पीत होती. आईने तिला मांडीवर घेतलं, कड्यासकट.

"उद्या नाही जायचं, राणी. पाणी अजून बरं झालं नाही."

"आजारी आहे?"

"बरं होतंय. पण वेळ लागणार."

"अगं बाई, मग त्या मंत्र्यांचं काय?" सासूबाई म्हणाल्या.

"तेही घरीच."

"असू दे. तेवढीच त्यांना विश्रांती."

खेकडी रडली नाही. ओठ मात्र काढले. मग तिने स्वतःच बूच उपटलं आणि बाहेर येणारी हवा गालावर घेत बसली. आईने तिला समजावलं: भरतीला समुद्र आत येतो, तेव्हा पाणी छान असतं, ओहोटीला तो परत जातो, तेव्हा आपली घाण त्याच्याबरोबर बाहेर जाते.

"लांब?"

"खूप लांब."

कडं चपटं होऊन दोघींच्या मध्ये मऊ पडलं होतं. खेकडीने ते नीट घडी घालून छातीशी धरलं.

"मग तिकडच्या मुलांना कोण सांगतं, आज उतरू नका म्हणून?"