एकवीस नंबरची खिडकी

"कोऱ्यावर सही नका ठेवू, बाई. कागद कोरा राहत नसतो."

भट्टीवरचे जुने कारागीर अप्पाराव हे बोलले तेव्हा ऋचाचं पेन दुसऱ्या कागदावर होतं. मांडीवर ओटीचा नारळ, हातभर हिरव्या बांगड्या. सही करताना त्या टेबलाच्या पत्र्यावर वाजत होत्या. कारखान्यातला तिचा शेवटचा दिवस. आठवा महिना संपत आला होता आणि ऑफिसातल्या बायकांनी अर्ध्या मराठी, अर्ध्या तेलुगू रीतीनं तिची ओटी भरली होती. त्याच गडबडीत गिरीशसाहेबांनी चार तपासणीपत्रकं पुढे सरकवली. तिच्या जागी नवा तपासनीस यायला महिना तरी लागणार. पाणबुडीच्या एकोणीस ते बावीस नंबरच्या खिडक्या भट्टीतून निघाल्या की अप्पाराव मापं घेतील, आकडे भरतील. सहीवाचून माल अडायला नको.

"आकडे तुम्हीच भरणार ना?" ती हसून म्हणाली. "मग मला कशाची भीती?"

अप्पारावांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला आणि परत लावला. तिनं उरलेल्या दोन सह्या केल्या. मागे काम तुंबवून चालले नाही, याचं तिला त्या दिवशी समाधानच वाटलं होतं.

याला आता अकरा महिने झाले होते.

विद्यानगरच्या घरात रविवारची सकाळ. ऋचा मुलीला नाचणीचं सत्त्व भरवत होती. खालच्या सगळ्या प्लगांवर चिकटपट्ट्या होत्या, टेबलाच्या कोपऱ्यांना फोमचे तुकडे. पोरीचं अंग जरा कोमट लागलं तरी ती ताप तीनदा मोजायची, दोन वेगवेगळ्या थर्मामीटरांनी.

"पोरगी आहे की प्रयोगशाळा?" सासूबाई म्हणायच्या.

टीव्हीवर तीन दिवसांपासून एकच बातमी होती. दूरच्या कुठल्याशा समुद्रात पर्यटकांना घेऊन गेलेल्या पाणबुडीचा संपर्क तुटला होता. आतल्या पाच जणांना हवा किती तास पुरेल, याचा हिशेब निवेदक पुन्हापुन्हा सांगत होता. ऋचानं आवाज बंद केला, चित्र चालू ठेवलं.

तेवढ्यात फोनवर किशोरनं पाठवलेला फोटो आला. किशोर इथलाच, नामपल्लीचा. दक्षिणेतल्या एका बेटावर तो पर्यटकांची छोटी पाणबुडी चालवायचा, एका वेळी सहा माणसं, दोनशे मीटर खाली. त्या पाणबुडीच्या खिडक्या ऋचाच्या कारखान्यातून गेल्या होत्या. काचेसारख्या दिसणाऱ्या, चार बोटं जाड ॲक्रिलिकच्या. दोन वर्षांपूर्वी तो दहा दिवस कारखान्यात शिकायला होता. खिडकीवर केसासारखी रेघ आली तर ती तिरप्या उजेडात कशी शोधायची, हे ऋचानंच त्याला दाखवलं होतं.

पाणबुडीतल्या कॅमेऱ्यानं काढलेल्या त्या फोटोत एक सात-आठ वर्षांची मुलगी खिडकीला नाक लावून उभी होती. पलीकडे निळं पाणी, एक पिवळा मासा. खाली किशोरनं लिहिलं होतं, 'मॅडम, तुमच्या खिडकीतून.'

ऋचानं फोटो मोठा केला. मासा बाजूला सरकला, मुलीचा कान, मग खिडकीभोवतीचं पोलादी कडं. कड्यावर आकडा कोरलेला होता. २१.

तिनं डोळ्यांनी पाहिलेली, हातांनी मोजलेली शेवटची खिडकी अठरा नंबरची होती.

चमचा वाटीत तसाच राहिला. मुलीनं तोंड उघडून वाट पाहिली, मग स्वतःच हात घालून सत्त्व गालाला फासलं.

*

अंबरपेठेत अप्पारावांचं घर शोधायला वेळ लागला नाही. किराणा दुकानाच्या वर दोन खोल्या. ते दाराशीच बसून तुरीची डाळ निवडत होते. ऋचाला पाहून उठू लागले, तिनं नको म्हणून हात केला.

"पोरीला नाही आणलं?"

"घरी आहे. अप्पाराव, एकवीस नंबर तुम्ही मोजला होता?"

त्यांनी सुपातला एक खडा उचलला, बाजूला ठेवला.

"मोजला की. जाडी बराबर होती. पण उजेडापुढं धरला, तर कडंला रंग दिसले."

ऋचा खाली जमिनीवरच बसली. खास उजेडात बघितलं की ज्या जागी आत ताण राहिलेला असतो तिथं इंद्रधनुष्यासारखे पट्टे उमटतात. अशी खिडकी परत भट्टीत घालून हळूहळू थंड करायची, हा नियम. त्याला आठ दिवस जातात.

"मी साहेबाला बोललो, परत भट्टीत घाला. साहेब बोलले, ट्रक उभा आहे. मी बोललो, मग मी आकडे लिहीत नाही. त्यांनी कागद उचलला. सही तर होतीच त्याच्यावर." त्यांनी सूप झटकलं. "लिहिलं कुणीतरी. पुढच्या महिन्यात मी रिटायर झालो. बस."

"मला का नाही सांगितलं?"

"आलो होतो की, बाई, तुमच्या घरी. खारीक-खोबरं घेऊन. तुमच्या सासूबाई दारातच बोलल्या, सव्वा महिना बाहेरच्या माणसाला आत सोडत नाही. बराबर आहे त्यांचं. बाळंतिणीच्या कानावर कशाला घालायचं, असं मलाही वाटलं. नंतर फोन लावले."

तिला ते फोन आठवले. दुपारी पोरगी झोपलेली असताना तीनदा वाजलेले. मुलगी झाली म्हणून अभिनंदन करायचं असेल, सवडीनं बोलू, म्हणून तिनं आवाज बंद केला होता. सवड झालीच नव्हती.

"फुटेल?" तिनं विचारलं.

"एका बारीत, एकदा खाली गेलं म्हणून फुटत नाही. दर बारीला थोडं थोडं." ते तिच्याकडे न बघता म्हणाले. "किती बाऱ्या झाल्या असतील?"

किशोर दिवसातून चारदा खाली जात होता. सहा महिन्यांपासून.

*

चिन्मयनं, तिच्या नवऱ्यानं, सगळं ऐकून घेतलं. तो वकील होता, त्याचे वडील वकील होते. घरात कुणी मोठ्यानं बोलत नसे. मुलगी त्याच्या पायाला धरून उभी राहायचा प्रयत्न करत होती.

"त्या पोराला फोन कर, सांग. पण लिहून काही देऊ नकोस."

"का?"

"आज तो नुसता एक कागद आहे. तू लिहून दिलंस की तो तुझा कबुलीजबाब होईल. आकडे कुणी भरले हे नंतर बघतात, ऋचा. आधी सही कुणाची ते बघतात." मुलगी धप्पकन बसली, त्यानं तिला उचललं. "हिला कोण बघणार, तू कोर्टाच्या चकरा मारत बसलीस तर?"

त्याचा आवाज चिडलेला नव्हता. तो घाबरला होता, आणि ते तिला दिसत होतं.

तिनं किशोरला फोन लावला. दुसऱ्याच रिंगला त्यानं उचलला. मागे इंजिनाची घरघर होती आणि पोरांचा कलकलाट.

"मॅडम! तुम्हालाच लावणार होतो. अहो, ती बातमी बघून आज सगळे टूरिस्ट हटून बसले, खाली जायचं नाही म्हणून. आमचे मॅनेजर बोलले, आजच्या दिवस बंद ठेवू. मी बोललो, नक्को, थांबा. तुमचं पत्रक लॅमिनेट करून ठेवलंय ना ऑफिसात, तेच आणून दाखवलं. बोललो, ही सही ज्यांची आहे त्यांनी मला शिकवलंय. त्या अशातशा मॅडम नाहीत. आता बघा, अडीचची फेरी फुल."

समोर चिन्मय मुलीला कडेवर घेऊन उभा होता.

"बोला ना, मॅडम. काय काम होतं?"

"जेवलास का?" ती म्हणाली.

"हौ. इथं मासळीच मासळी. चला, ठेवतो, उतरायच्या आधी फोन पेटीत जमा करावा लागतो."

घरघर थांबली. तिनं लगेच पुन्हा लावला. फोन बंद होता. मॅनेजरच्या ऑफिसचा नंबर इंटरनेटवरून काढून लावला. तिकडे रेकॉर्ड केलेला आवाज तिकिटांची माहिती देऊ लागला. तिनं पुन्हा लावला. मग घड्याळाकडे पाहिलं. दोन वाजून सत्तावीस मिनिटं.

ती जेवणाच्या टेबलापाशी गेली. लॅपटॉप उघडला. पाणबुडीची कंपनी, खिडक्यांना मंजुरी देणारी संस्था, स्वतःचा जुना कारखाना, असे मिळतील तेवढे पत्ते तिनं वरच्या रकान्यात भरले. कुणालाही वाचता यावं म्हणून इंग्रजीतच लिहायला घेतलं. चिन्मय मागे येऊन उभा राहिला. त्यानं एकदा तिच्या खांद्याला हात लावला. मग मुलीला घेऊन आतल्या खोलीत गेला आणि दार लोटून घेतलं.

तिनं लिहिलं:

'एकोणीस ते बावीस नंबरच्या खिडक्या मी तपासलेल्या नाहीत. त्यांच्या पत्रकांवरची सही माझीच आहे. ती मी कोऱ्या कागदावर केली होती. एकवीस नंबरच्या खिडकीत ताण होता, हे मला आज कळलं. कुणी, कधी, का, हे तुम्ही मला विचाराल तेव्हा मी सांगेन. माझा पत्ता खाली आहे. पण हे वाचणारे तुम्ही जे कुणी असाल, उत्तर लिहायला बसू नका. अडीचच्या फेरीला किशोर नावाचा चालक सहा माणसांना घेऊन खाली गेला आहे. माझा फोन तिथं कुणी उचलत नाही. तुमच्याकडे दुसरा नंबर असेल, वायरलेस असेल, धक्क्यावर ओळखीचा माणूस असेल. आधी त्याला विचारा, किशोर वर आला का.'