मोहनबाईंची सुंठ

सुंठीवाचून खोकला गेला, असं लोक म्हणतात. म्हसावदच्या मोहनबाईंच्या घरातून तो तसा कधी गेला नाही. कुणी नुसतं शिंकलं तरी बाई सहाणेवर सुंठ उगाळायला बसल्याच. त्यांचे यजमान भीकमचंद शेठ तर हक्काचं गिऱ्हाईक. हृदयाची झडप बदलल्यापासून त्यांना रक्त पातळ ठेवायची गोळी कायमची लागली, आणि त्या गोळीमागोमाग मोहनबाईंचा सुंठीचा काढा. रोज सकाळी वाटीभर. शेठ तोंड वाकडं करायचे आणि मुकाट पिऊन टाकायचे.

एका सकाळी कामाला येणाऱ्या दगूबाईनं उशी उचलली आणि थबकली. "माय, आठे रगत शे."

शेठच्या हिरड्यांतून रक्त येत होतं, थांबायचं नाव नाही. दंडावर काळेनिळे डाग. सून किंजलनं गाडी काढली आणि दोघांना घेऊन नंदुरबारचा दवाखाना गाठला. वाटभर मोहनबाईंच्या जिवात जीव नव्हता.

डॉक्टर रिपोर्ट बघून म्हणाले, "रक्त फारच पातळ झालंय. गोळी तर बरोबर घेताय. लसूण, आलं, असं काही औषध म्हणून चालू आहे का?"

"छे हो," किंजल म्हणाली. "आम्ही जैन. जमिनीखालचं आम्हाला चालत नाही. आलं घरात येतच नाही."

मोहनबाईंनी मान डोलावली. खोटं काय होतं त्यात? ओल्या आल्याला त्यांनी जन्मात हात लावला नव्हता. सुंठ वाळलेली, ती चालते, सासूबाईंच्या आधीपासून चालत आलेली. आणि मान डोलावता डोलावताच बाई गार पडल्या. सुंठ म्हणजे तरी काय, वाळलेलं आलंच की!

बोलावं तर सुनेसमोर कबूल करायचं, की आपल्याच हातानं नवऱ्याला हे पाजलं. न बोलावं तर डॉक्टर भलतंच शोधत बसणार.

"मी सुंठीचा काढा देते," त्या कशाबशा म्हणाल्या. "रोज. वाटीभर."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "चहातली चिमूटभर निराळी, काकू. या गोळीवर रोज वाटीभर काढा नाही चालत. सगळा दोष सुंठीचाच, असं मी म्हणत नाही. पण आजपासून बंद. आणि यांना इथंच ठेवावं लागेल."

किंजल सासूकडे बघतच राहिली.

भीकमचंदांनी हिरडीवरचा कापूस बाजूला केला. "तिला काही बोलू नका. मीच मागायचो. मलाच चटक लागलीय."

मोहनबाईंनी पदर तोंडाशी धरला. इतक्या वर्षांत त्या माणसानं काढा एकदाही मागितला नव्हता.