मार्लीनबाईंनी रिकामी केलेली खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी फिरती खुर्ची आहे. मिशिगनच्या एका कारखान्यात घडले आणि मिनेसोटातल्या एका विद्यापीठात, जीवशास्त्र विभागाच्या कचेरीत, मार्लीन ओस्टबी या बाईंच्या वाट्याला आले.

संशोधनासाठी सरकारकडून मिळणारी अनुदानं सांभाळणं हे त्यांचं काम. अर्ज मुदतीत धाडायचे आणि पैसा ज्या कामासाठी आला त्याच कामाला लागतोय ना, ते पाहायचं. प्राध्यापक मंडळी शेवटच्या घटकेला कागद आणत. मग बाई जेवण बाजूला सारून बसत. अनुदान मंजूर झालं की वरच्या मजल्यावर केक कापला जाई. कधीमधी एखादा तुकडा खालीही येई. माझी गादी दबत गेली, तशा त्याही थकत गेल्या.

एका हिवाळ्यात वॉशिंग्टनहून निरोप आला: तळ्यांतल्या माशांच्या संशोधनाचं अनुदान तत्काळ बंद. प्रयोगशाळेत मासे सांभाळणाऱ्या रोझॅनचा पगार त्यातूनच निघे. प्राध्यापक ड्वाइट केलर उतरल्या चेहऱ्याने आले.

"मार्लीन, तिचा पगार माझ्या बेडकांच्या अनुदानातून काढ ना."

"ते पैसे बेडकांचे आहेत, ड्वाइट."

"बेडूक काय तक्रार करणार आहेत?"

"बेडूक नाही, तपासनीस करतील. मग तेही अनुदान जाईल आणि तिथली पोरंही घरी बसतील."

मग दोघं मिळून विद्यापीठातल्या वरिष्ठांकडे गेले. बरीच मिनतवारी करून, तळ्यावरचं बर्फ वितळेपर्यंतचा पगार तेवढा पदरात पडला.

नोकरी जाण्याची बातमी पत्राने कळवायची रीत होती. बाईंनी मात्र रोझॅनला बोलावलं, उठल्या, तिला माझ्यावर बसवलं आणि स्वतः उभं राहून सगळं सांगितलं.

रोझॅन माझे हात धरून बसली. "मासे मला ओळखतात असं वाटायला लागलं होतं गं," ती म्हणाली. मग बाईंकडे पाहून, "तू जेवलीस का आज?"

दोघींनी एक सँडविच वाटून खाल्लं. वसंतात रोझॅन नोकरी सोडून गेली. तिच्यामागून, तळ्यांच्या संशोधनाचं शेवटचं काम मिटवून बाईही निवृत्त झाल्या.

आता मी अडगळीत आहे, मित्रांनो. जमलं तर वस्तू जपा, माणसंही जपा. आणि कधी कुणाला वाईट बातमी द्यायची वेळ आलीच, तर आधी आपण उठा आणि त्याला बसायला द्या.