दुप्पट वेगाचं बटण

मित्रांनो, मी एक जुना मोबाइल आहे. जुना म्हणजे सात वर्षांचा. ज्या हातानं मला शेवटची चार वर्षं वापरलं, त्या हातातलं घड्याळ एकोणचाळीस वर्षांचं होतं आणि त्याला कुणी जुनं म्हणत नव्हतं. आमच्यात मात्र सात वर्षं म्हणजे म्हातारपण झालं.

आज मी गंगाखेडच्या बसस्थानकासमोर, बालाजीच्या दुरुस्तीच्या दुकानात काउंटरवर पालथा पडलो आहे. बॅटरी फुगून माझी पाठ उचकटली आहे. समोर उत्तरा उभी आहे. तिचे वडील गोविंदराव, म्हणजे नाना, जाऊन सात आठवडे झाले. तिला माझ्याकडून एकच गोष्ट हवी आहे, नानांचा आवाज. घाईघाईनं बोललेला नको. तसा तिच्या नव्या फोनमध्ये पुष्कळ आहे. तिला त्यांचा खरा, सावकाश आवाज हवा आहे. तो माझ्या पोटात आहे. पण मी बंद आहे आणि बंद मोबाइलला काही सांगता येत नाही.

"ताई, ह्याचा नाद सोडा," बालाजी म्हणतो. "कंपनीनंच सोडून देलंय ह्याला. अपडेट न्हाई, पार्ट न्हाई, काईच न्हाई."

"बॅटरी तरी मिळेल?"

"दुसऱ्या मॉडेलची बसवून बघतो. चालू झाला तर झाला. बसा तुमी."

तो माझे स्क्रू काढतो आहे, तोवर माझी गोष्ट सांगतो.

माझा जन्म कुठल्या देशात झाला हे मला नीट आठवत नाही. पुष्कळ हात, पांढरे हातमोजे, एक डबा. डबा उघडला तेव्हा मी पुण्यात होतो आणि उत्तरा माझ्या काचेवरची पातळ फिल्म सोलून काढत होती. ती सॉफ्टवेअर कंपनीत काम करायची. ऑफिसात सगळ्यांनी मला हातात घेऊन पाहिलं. "कॅमेरा काय भारी आहे," असं म्हणाले. मी खूश झालो. नवेपणी आम्ही सगळेच खूश असतो.

उत्तराची कंपनी मुलांच्या शिकवणीचं ॲप बनवायची. शिक्षक सावकाश बोलत, मुलं कंटाळत. मग उत्तरानं त्या ॲपात वेगाचं बटण बसवलं. दाबलं की शिक्षक दुप्पट वेगानं बोलू लागत. ते काम तिनं तीन आठवडे खपून केलं आणि ते माझ्यावरच तपासून पाहिलं. "मुलांचा अर्धा वेळ वाचतो," असं बैठकीत सांगितल्यावर टाळ्या पडल्या. मी टेबलावरच होतो. मलाही ती युक्ती आवडली होती, हे कबूल करतो.

तीन वर्षांत मी मंदावलो. कंपनीकडून येणारं प्रत्येक अपडेट म्हणजे माझ्या डोक्यावर आणखी एक पोतं. नवी कामं येत राहिली, मी मात्र होतो तेवढाच होतो. उत्तरानं नवा फोन घेतला आणि मला पुसून, नवं कव्हर घालून गंगाखेडला आणलं. तुमच्या घरीही असंच होत असेल. भांडी, दागिने, घड्याळं आईबापांकडून मुलांकडे येतात. मोबाइल तेवढा उलटा जातो. मुलांना नकोसा झाला की तो आईबापांना मिळतो.

नानांना मात्र मी नकोसा वाटलो नाही. "एवढा भारी फोन मला कशाला गं बाई?" म्हणत त्यांनी मला शर्टाच्या खिशात ठेवलं आणि वरून बटण लावलं.

नाना एसटीत वाहतूक नियंत्रक होते. सव्वीस वर्षं त्यांनी ह्याच बसस्थानकावर माइकवरून गाड्या पुकारल्या. त्यांची एक पद्धत होती. आधी कागदावर सगळं लिहायचं, गाडी का उशिरा आली, कुठं पंक्चर झाली, सगळं. मग प्रवाशाला नको असेल ते खोडत जायचं. उरेल तेवढंच माइकवर बोलायचं. त्या कागदाला ते 'कच्चं' म्हणत. आणि खोडलेलं कच्चं ते फेकत नसत. तारेत ओवून ठेवत.

घरी मात्र नानांना खोडायची गरज वाटत नसे. उत्तराला ते माझ्यावर बोलून निरोप पाठवत, चार-चार मिनिटांचे. सुरुवात ठरलेली. "उत्तरा गोविंदराव, इकडे लक्ष द्यावे. गंगाखेडहून नाना बोलत आहेत." मग सगळं यायचं. शेजारच्यांची म्हैस, परळीच्या गाडीला झालेली गर्दी, आईनं केलेलं अंबाडीचं वरण. मधेच ते थांबत. त्या थांबण्यात मागं गाड्यांचे हॉर्न, पाण्याच्या मोटारीचा आवाज, आणि "कुणाला सांगायलात एवढं?" अशी आईची, म्हणजे प्रभावतीबाईंची हाक, असं सगळं माझ्यात भरलं जाई.

एकदा जागा भरली. उत्तरानं फोनवरून शिकवलं, "नाना, जुने निरोप निवडा आणि उडवून टाका. मीही माझ्याकडचे उडवते. नाहीतर फोन हळू होतो." दोघांनीही उडवले. त्या चार-चार मिनिटांतलं आता कुठंच काही उरलेलं नाही.

मग दोन वर्षांपूर्वीची दिवाळी आली. उत्तरा घरी आली होती. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून आईबरोबर करंज्या भरत होती आणि शेजारी ठेवलेल्या फोनवर राहिलेले निरोप ऐकून संपवत होती. त्यात नानांचेही तीन होते. नाना बाहेर खुर्चीत चष्मा पुसत बसले होते आणि मी त्यांच्या खिशात.

"हे कोण बोलायलंय गं, चिमणीवानी?" नानांनी विचारलं.

उत्तरा हसली. "तुम्हीच की, नाना! मी तुमचे निरोप दुप्पट वेगानं ऐकते. चार मिनिटांचं काम दोन मिनिटांत."

प्रभावतीबाईंनी करंजीची कड दाबत म्हटलं, "माज्याकडं असलं बटण असतं तर बरं झालं असतं. चाळीस वर्षं झाली, ह्यांचं पाऊण वेगानं ऐकायलेय मी."

सगळे हसले. नानाही हसले, पण ते सगळ्यांत शेवटी. त्यांच्या छातीला टेकून होतो, म्हणून मला ते कळलं.

उत्तरा पुण्याला परतल्यावर नाना ह्याच दुकानात आले.

"बालाजी, आपण बोललेलं कुणाला न जाता आपलंच आपल्याला ऐकू यावं, असं काही हाय का ह्यात?"

"हाय की नाना. रेकॉर्डर. गाणं म्हणायलात का काय?"

"गाणं न्हाई रे. अनाउन्समेंट."

त्या दिवसापासून नाना कच्चं करू लागले. आधी रेकॉर्डरवर सगळं बोलत. मग घड्याळ बघत ऐकत. नको ते मनातल्या मनात खोडत, पुन्हा बोलत, आधीपेक्षा भरभर. शेजारची म्हैस गेली, परळीची गाडी गेली, वरण गेलं. मधलं थांबणं तर आधीच गेलं होतं. चार मिनिटांची दोन झाली, दोनाचं एक, मग वीस सेकंद. ते पक्कं झालं की उत्तराला जाई आणि तिकडून लगेच अंगठ्याचं चित्र येई. पूर्वी दोन-दोन दिवस काही येत नसे. नाना मला तो अंगठा पुन्हापुन्हा उघडायला लावत.

"आई, नाना आता किती नेमकं बोलतात!" उत्तरा फोनवर म्हणाली. नानांनी ते ऐकलं आणि त्यांना ते कौतुकच वाटलं.

तारेत ओवलेल्या कागदांसारखी ती कच्ची बोलणी त्यांनी टाकली नाहीत. मी ती सगळी जपली.

मी त्यांची पावलंही मोजत असे. आम्हाला ते न सांगता करायची सवय लावलेली असते. नाना रोज सकाळी गोदावरीच्या घाटावर जात. आधी चार हजार पावलं भरायची, मग अडीच हजार, ह्या श्रावणात नऊशे. "आज थोडं कमी चाललात!" असं लिहून मी एक हसरा चेहरा दाखवत होतो. ह्याची मला आता लाज वाटते. माझं पोटही तेव्हाच फुगायला लागलं होतं. नाना मला रबरबँड लावून फिरत आणि उत्तराला सांगत नसत. उगाच नवा घ्या म्हणून मागं लागेल, असं त्यांना वाटे. आम्ही दोघांनीही आपापलं दुखणं तसंच दाबून ठेवलं.

श्रावण संपायच्या आधीची एक सकाळ होती. नाना घाटाच्या निम्म्या पायऱ्यांवर बसले आणि त्यांनी मला तोंडाजवळ धरलं. त्या सकाळी तीन कच्ची झाली. मग एक पक्कं होऊन पुण्याला गेलं. अंगठा आला.

नवव्या दिवशी नाना गेले, घरीच, हातात चहाचा कप असताना.

तेरा दिवस झाल्यावर उत्तरा पुण्याला गेली आणि मी कपाटात. परवा ती परत आली. आईला म्हणाली, "माझ्या फोनमध्ये नानांचे दीडशे निरोप आहेत, पण नाना कुठंच नाहीत. सगळ्यांत एसटी पकडायची घाई."

एवढ्यात बालाजीनं मला चालू केलं. काच उजळली. उत्तरानं आधी निरोपांचं ॲप उघडलं. तिथं तेच होतं. वीस सेकंद, अठरा सेकंद. तिनं मला काउंटरवर ठेवलं.

"झालं, दादा. बंद करा."

"ताई, रेकॉर्डर बघितला का?" बालाजी स्क्रू गोळा करता करता म्हणाला. "नाना त्यात कच्चं करायचे. बाहेर बाकड्यावर बसून बी करायचे. मला म्हणायचे, पोरीला टाइम न्हाई, तिला सुटसुटीत गेलं पाहिजे."

उत्तरानं रेकॉर्डर उघडला. एकाखाली एक, चारशे पंधरा. सगळ्यांत वर शेवटचं होतं. तिनं ते लावलं.

"उत्तरा, नाना बोलतोय. सगळं ठीक. आई बरी. ठेवतो."

मग त्याखालचं.

"उत्तरा, नाना बोलतोय. पायऱ्या चढताना जरा दम लागायलाय. विशेष न्हाई. सवडीनं फोन कर. आई बरी."

मग त्याखालचं. ते चार मिनिटांचं होतं.

"उत्तरा गोविंदराव, इकडे लक्ष द्यावे. गंगाखेडहून नाना बोलत आहेत. बाई, घाटावर बसलोय. पाणी बरंच हाय, तीन पायऱ्या बुडाल्यात." मग थांबणं. देवळातली घंटा. "एक सांगायचं होतं. आठ दिवस झाले, वर चढताना दोनदा बसावं लागायलंय. डावा खांदा भरून येतोय. आईला बोललो न्हाई; ती गाव गोळा करील. परभणीला कुणाला दाखवावं, तू बघून ठेव. घाई न्हाई. तुझं काम झाल्यावर बघ."

बालाजीनं पंखा बंद केला. मग उगाचच उठून बाहेर गेला आणि दुकानाच्या पायरीवर उभा राहिला.

पुढं नाना तीन मिनिटं बोलत होते. नदीत पोहणाऱ्या पोरांबद्दल, आईच्या गुडघ्यांबद्दल. उत्तरानं सगळं ऐकलं. रडली नाही. तिचा अंगठा माझ्या काचेवर, वेगाच्या बटणाशेजारी होता. ते बटण ह्याही ॲपात आहे. आता सगळ्याच ॲपांत असतं.

नानांनी ते का खोडलं, मला माहीत नाही. मी शब्द साठवतो, मन नाही. कदाचित प्रवाशाला एवढ्याची गरज नाही, असं त्यांना वाटलं असेल.

मित्रांनो, माझ्यात बसवलेली बॅटरी परक्या मॉडेलची आहे. मी फार दिवस चालणार नाही आणि तशी माझी इच्छाही नाही. उत्तरानं सगळी कच्ची दुसरीकडे उतरवून घेतली आहेत. मला वेग देणाऱ्यांवर माझा राग नाही. घाईच्या वेळी वेग लागतोच. एवढंच मागतो की आम्हाला चार्जिंगला लावायची आठवण तुम्हाला रोज राहते, तशी आमच्यातून जे माणूस बोलतं त्याचीही राहू द्या. त्याला जेवढा वेळ लागतो तेवढा लागू द्या. ते थांबलं तर तुम्हीही थांबा. पुढं काय येणार होतं, ते आम्हाला आधी सांगता येत नाही.

संध्याकाळी उत्तरा मला घेऊन घरी आली. घाटावरचं ते एक तिनं आईला ऐकवलं नाही. सगळ्यांत खालचं, पहिलं कच्चं लावलं. त्यात दुखणं काही नव्हतं. दिवाळीनंतरचे दिवस होते, उरलेल्या करंज्या होत्या, आणि नाना नुसते सांगत होते, थांबत होते, पुन्हा सांगत होते. मधेच त्यात प्रभावतीबाईंचा आवाज आला, "कुणाला सांगायलात एवढं?"

प्रभावतीबाई भिंतीला टेकून ऐकत होत्या. संपलं तेव्हा त्या पुढं सरकून माझ्याजवळ बसल्या.

मग म्हणाल्या, "उत्तरा, त्या बटणानं हे आणखी हळू होतं का गं?"

"होतं, आई."

पण तिनं बटणाला हात लावला नाही. आहे तसंच, नानांच्या चालीनं, पुन्हा पहिल्यापासून लावलं.