संत्र्याच्या फुलांचा लाजरा सेंट

आधीच माफी मागतो. मी संत्र्याच्या फुलांचा सेंट बोलतोय, पण मला हात नाहीत, म्हणून हे माझ्या मालकाने लिहिलंय. त्याने शाळा लवकर सोडली आणि वडिलांच्या सलूनमध्ये कात्री धरली. कुठे ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल, शब्द फारच साधे वाटले, तर सांभाळून घ्या. तो बोलतोही कमी. गिऱ्हाइकं त्याला 'मुक्या' म्हणतात. मीही तेच म्हणेन. त्याची हरकत नसावी; असती तरी तो बोलला नसता.

संत्र्याच्या झाडाला फळं धरण्याआधी बारीक पांढरी फुलं येतात. ऊन चढायच्या आत ती खुडली, वाफेवर ठेवली आणि त्यांचा जीव थेंब थेंब काढून घेतला. त्यात आणखी काय काय मिसळलं आणि मी झालो. खास उन्हाळ्यासाठी केलेला, हलका. कारखान्यात बाटल्या भरणाऱ्या बाईने मला हुंगलं आणि शेजारणीला म्हणाली, "अगं, हा कसला सेंट? हा तर धुतलेला टॉवेल!" दोघी खुदखुदल्या. डोळे उघडतो न उघडतो तोच हे ऐकावं लागलं.

पुढे दुकानातही तीच कथा. माझ्या शेजारी मोठमोठे सेंट होते. त्यांचं झाकण उघडलं की माणसं डोळे मिटून "वा!" म्हणायची. मला हुंगायची आणि म्हणायची, "छान आहे हो, पण साबणासारखा वास येतो." आणि मला जागेवर ठेवून द्यायची. साबणच हवा तर तो घरी असतो की!

शेवटी माझ्या खोक्याचा कोपरा चेपला आणि कोणी घेईना. त्या काउंटरवर काम करणाऱ्या मुलीने मला घरी नेलं. ती मुक्याची मोठी बहीण. "घे," ती म्हणाली, "जरा मारत जा अंगावर. एखादी मुलगी चुकून तरी वळून बघेल."

"ताई, गप गं," मुक्या म्हणाला. कान मात्र लाल झाले.

दुसऱ्या दिवशी तो मला मानेला लावून सलूनमध्ये उभा राहिला. मी अगदी छाती फुगवून होतो. पहिलंच गिऱ्हाईक खुर्चीत बसलं, नाक वर केलं आणि म्हणालं, "अरे वा, मुक्या! आज आंघोळ केलीस वाटतं?"

सगळं सलून हसलं. मला बाटलीच्या तळाशी जाऊन बसावंसं वाटलं.

सलूनच्या मागे एक खोली होती. मध्ये जाड पडदा. पडद्यामागे मुक्याचे बाबा पडून असायचे. अर्धांगाच्या झटक्याने त्यांची डावी बाजू गेली होती. खिडकी भर उन्हाळ्यात बंद, कारण ती बाजूच्या रस्त्यावर उघडायची आणि आपल्या खोलीचा वास रस्त्यावर जाईल अशी त्यांना धास्ती होती.

हा माणूस आयुष्यभर वासाच्या बाबतीत भलताच कडक. दुपारच्या जेवणात कच्चा कांदा नाही, तंबाखू नाही. मुक्याला शिकवताना त्यांनी कात्रीच्या आधी साबण हातात दिला होता. "गिऱ्हाइकाच्या नाकाखाली आपली बोटं असतात," ते सांगायचे. "त्याच्या गालावर वस्तरा असतो. बिचाऱ्याला तोंडसुद्धा फिरवता येत नाही."

आणि आता त्यांचं अंग दुसऱ्याने पुसायचं. तेही ते धड पुसू देत नसत. "बास, बास. झालं," म्हणत मुक्याचा हात ढकलायचे. पोटच्या पोराकडून आंघोळ घालून घ्यायची त्यांना लाज वाटे. आंघोळ नाही म्हणून वास, आणि वास येतो म्हणून कोणाला भेटायचं नाही.

त्यातही एका माणसाला तर मुळीच नाही. समोरच्या दुकानातला शिंपी. सगळे त्याला मास्तर म्हणत.

त्या दोघांचा जुना किस्सा सगळ्या रस्त्याला पाठ होता. तरुणपणी एकदा मास्तर कडक उन्हात कापडाचे गठ्ठे वाहून तसेच घामेजलेले दाढीला बसले. बाबांनी भरल्या दुकानात फर्मावलं, "मास्तर, आधी आंघोळ करून ये. मग बस खुर्चीत." मास्तर खरोखर गेले आणि ओले केस घेऊन परत आले. तेव्हापासून जी दोस्ती जमली ती जमलीच. पण दर दाढीला मास्तर बोट नाचवून म्हणायचे, "थांब लेका, माझीही वेळ येईल!"

ती वेळ आली, असं बाबांना वाटत होतं.

मास्तर रोज संध्याकाळी यायचे. मुक्या पडद्यासमोर उभा राहून खाली बघत म्हणायचा, "बाबा झोपलेत, काका."

"परत झोपला? इतका तर तो पाळण्यातसुद्धा झोपला नसेल!" मास्तर मोठ्याने म्हणायचे, पडद्यापलीकडे ऐकू जाईल असं. थोडं थांबायचे आणि जायचे.

ताईने एक उपाय करून पाहिला. आपल्या दुकानातून खोलीत फवारायचा एक डबा आणला आणि फुसफुस करून खोली भरून टाकली. बाबा चवताळले. "बंद कर ते! वासावर वास चढवला की येणारा विचारतो, खाली काय दडवलंय? मी काय कुजलोय का?" ताई पडद्याबाहेर येऊन रडली. मुक्याने तिला पाणी दिलं.

मग एका संध्याकाळी मास्तर आले ते नेहमीसारखे ओरडले नाहीत. "डोळ्यांना आता सुई दिसत नाही रे मुक्या," ते म्हणाले. "पोरगी न्यायला आलीय. उद्या सकाळी जातोय तिच्याकडे, कायमचा. म्हटलं, जाण्याआधी दाढी इथेच करावी. बघ, उठतो का तो." आणि सामान बांधायला समोर गेले.

मुक्या आत गेला. बाबांनी सगळं ऐकलं होतं. भिंतीकडे तोंड करून पडले होते. मुक्याने उशी सारखी करायला त्यांच्या मानेखाली हात घातला. मी त्याच्या मनगटावर होतो. बाबांचं नाक हललं.

"साबण बदललास?"

मुक्याने उशी थोपटली. मग म्हणाला, "साबण नाही. सेंट आहे."

"सेंट?" बाबांनी परत हुंगलं. "सेंट आणि इतका लाजरा? तुझ्यावरच गेलाय!" आणि कितीतरी दिवसांनी ते हसले, अर्ध्या तोंडाने.

तेव्हा मुक्या बोलला. मी त्याच्याकडे आल्यापासून त्याचं इतकं लांब बोलणं ऐकलं नव्हतं. "बाबा, तुम्ही मला लहानपणी न्हाऊ घातलंत तेव्हा मी लाजलो होतो का? आंघोळ घालतो तुम्हाला. मास्तरकाका गेले तर परत यायचे नाहीत."

बाबांनी भिंतीकडचं तोंड इकडे वळवलं. मग म्हणाले, "पाणी कोमट घे. आणि कानामागे नीट घास. तिथे सगळे अंगचोरपणा करतात."

आता खरं सांगतो, त्या दिवशी काम पाण्याने केलं, साबणाने केलं, मुक्याच्या हातांनी केलं. चादर बदलली, नखं कापली, खिडकी उघडली. माझी पाळी सगळ्यात शेवटी आली. मानेवर दोन थेंब, उजव्या हाताच्या बोटांवर एक. मला काही झाकायचं नव्हतं. फक्त त्या माणसाला भरवसा द्यायचा होता.

मुक्याने समोर जाऊन बोलावलं तसे मास्तर आत आले आणि दारातच थबकले.

"वाळलास," मास्तर म्हणाले.

"तू कुठे फुललायस?" बाबा म्हणाले. "बस."

मास्तर खाटेजवळ स्टुलावर बसले. मुक्याने फेस केला, गाल केले, हनुवटी केली. राहिला वरचा ओठ. तिथे नाकाचं टोक चिमटीत धरून वर करावं लागतं, मग वस्तरा फिरवायचा. बाबा म्हणाले, "थांब. नाक मी धरतो."

उजवा हात वर आला. बोटं मास्तरांच्या नाकावर टेकली आणि त्या बोटांवर मी होतो. मुक्याने हळूच वस्तरा फिरवला. मास्तरांना बोलता येत नव्हतं, तोंड फिरवता येत नव्हतं. बाबांची नजर त्यांच्या चेहऱ्यावरून हलेना. मी मात्र इतका घाबरलो होतो, की विचारू नका.

वस्तरा बाजूला झाला. मास्तरांनी एक लांब श्वास घेतला. त्यांचे डोळे भरून आले होते.

"हरामखोर आहेस," ते म्हणाले. "सगळं आयुष्य वाट बघितली, की कधीतरी तुला म्हणेन, आधी आंघोळ करून ये. जाता जाता तेवढीही संधी दिली नाहीस!"

बाबा असे हसले की खाट करकरली. मास्तरांनी त्यांचा तो हात सोडलाच नाही. मुक्या उगाचच वस्तरा पुसत बसला.

आता मी बोटभर उरलोय. आरशाशेजारच्या फळीवर असतो. लोक अजूनही साबण म्हणतात, आणि मला त्याचं आता काही वाटत नाही. तुमच्या घरी कोणी असं भिंतीकडे तोंड करून पडलं असेल, तर त्याच्या खोलीत मला नुसता फवारू नका. आधी कोमट पाणी घ्या. मला शेवटी बोलवा, मी येईन.

मास्तर दुसऱ्या दिवशी उजाडताच गेले. नाकाच्या टोकावर थोडासा मीही त्यांच्याबरोबर गेलो. मुक्या त्यांची पेटी गाडीत चढवून आला. मग स्टुलावर चढून त्याने मधला पडदा काढला, बादलीत भिजवला, धुतला आणि तारेवर वाळत टाकला. दुपारपर्यंत तो वाळला. मुक्याने घडी करून कपाटात ठेवला, आणि खाट अशी वळवली, की बाबांना तिथून सलूनची खुर्ची दिसावी.